काहीही फरक न पडणारे बदल

आमच्या वन्सं रोज पहाटे पाचला उठतात आणि दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं पुसत बसतात. गेली नऊ वर्षं हे चाललंय. सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना झोप येत नसेल. मग वाटलं, काहीतरी जोडधंदा असेल. शेवटी एकदा सरळ विचारलं, आणि मिळालेलं उत्तर ऐकून झोप येत नसेल हेच बरं होतं, असं झालं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय त्रेपन्न. लग्न केलं नाही, कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही. आमच्या घरात खाली माझं शिवणकामाचं दुकान, म्हणजे कपडे लहानमोठे करणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, आणि वरती तीन खोल्या. त्यातली रस्त्याकडची खोली वन्संची. खिडकीशी एक टेबल, त्याच्यावर बिजागरी तुटलेला लॅपटॉप. त्याचा पडदा मागे पडू नये म्हणून माझ्या रिळांचा डबा टेकू म्हणून लावलेला. तो डबा मी सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी दिला होता.

त्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळतात. त्याआधी वीस वर्षं एका दुकानात बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करत होत्या. लोक रडत यायचे, सगळे फोटो गेले, कागदपत्रं गेली म्हणून, आणि दोन दिवसांनी वन्संनी सगळं बाहेर काढून दिलं की हसत जायचे. जाताना आभार मात्र मालकाचे मानायचे, कारण गल्ल्यावर मालक बसायचा आणि पावतीवर नावही त्याचंच. वन्सं मागच्या खोलीत, पडद्याआड. दुकान बंद झालं तेव्हा मालकाचा सत्कार झाला. कॉलेजात प्रयोगशाळेच्या दारावर पाटी आहे, तीत प्राध्यापकांची नावं आहेत. शिपायाचंसुद्धा आहे. वन्संचं नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण नवीन पाटी लागली त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मी पाहिलंय.

तर पहाटेचं काम असं. संगणकाच्या पोटात सगळ्यांच्या तळाशी जो प्रोग्रॅम चालतो त्याला कर्नल म्हणतात. मला आधी मिशीवाला लष्करी अधिकारी आठवला, आणि मी ते बोलूनही दाखवलं. वन्सं हसल्या नाहीत. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, तोही उघड्यावर. ज्याला वाटेल त्याने वाचावा, चूक दिसली तर बदल लिहून सगळ्यांना मेलने पाठवावा. त्यात प्रत्येक प्रकारच्या डिस्कशी बोलायला एकेक वेगळा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. काही ड्रायव्हर वीस-पंचवीस वर्षांचे जुने. वेगवेगळ्या हातांनी शिवलेले, ठिगळांवर ठिगळं. वन्सं त्यांतली अडगळ काढतात. एकच तपासणी दोनदा केली असेल तर एक काढायची. जी गोष्ट कुठेच वापरली जात नाही ती काढायची. वर एक लिहिलंय आणि खाली भलतंच चाललंय, तर वरचं लिखाण सुधारायचं. एकेक बदल दोन ओळींचा, चार ओळींचा.

आणि प्रत्येक बदलाच्या पत्रात शेवटी एक वाक्य लिहायचं असतं: यामुळे कामात काहीही फरक पडणार नाही.

यावरून मी त्यांना फार छळलं. म्हटलं, वन्सं, जगात लोक फरक पडावा म्हणून राबतात, तुम्ही पडणार नाही अशी हमी देऊन राबता. एखाद्या बाईने पँट आणून दिली आणि मी चार दिवसांनी तशीच परत करून म्हटलं, बघा, काहीही फरक पडलेला नाही, तर ती मला काय म्हणेल? वन्सं शांतपणे म्हणाल्या की उलट्या बाजूचे लोंबणारे धागे तूही कापतेसच की, गिऱ्हाईकाला ते कुठे दिसतात. अशा दोनशेच्या वर बदलांत त्यांचं नाव होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यानंतर एक पत्र आलं. डिस्कच्या सगळ्या विभागावर देखरेख करणारे एक गृहस्थ आहेत. जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, वन्संनी त्यांना कधी पाहिलेलं नाही. घरात आम्ही त्यांना थोरले म्हणतो. थोरल्यांनी लिहिलं होतं की तुमचं काम नेटकं आहे. जुन्या ड्रायव्हरांचे बदल इथून पुढे तुमच्या नजरेखालून जावेत असं मला वाटतं. कोणाची हरकत नसेल तर महिनाअखेर जबाबदार लोकांच्या यादीत तुमचं नाव घालतो.

ही यादी कर्नलच्या आतच असते. जिथे जिथे कर्नल जातो तिथे तिथे ती जाते. वन्संनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि मग त्यांच्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, वाचून दाखवलं, आणि संध्याकाळी परत मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, मघाशी ऐकलं मी. त्या म्हणाल्या, हो का. त्या दिवशी त्यांनी केस धुतले आणि नवी कोरी ओढणी काढली. मला इतका आनंद झाला होता की मी दुकान तासभर लवकर बंद केलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका अनोळखी माणसाची तक्रार सगळ्यांच्या मेलवर आली. हे गृहस्थ कुठल्याशा गावात पिण्याचं पाणी तपासायच्या केंद्रात काम करत होते. तिथल्या यंत्रात एक फार जुनं कार्ड, म्हणजे डिस्क यंत्राला जोडणारी पट्टी, होतं आणि त्या कार्डाला डिस्क जोडलेली. दीड वर्षापूर्वी कर्नलची नवी आवृत्ती घातल्यापासून ती डिस्क मधूनच नाहीशी व्हायची. यंत्र बंद करून सुरू केलं की परत दिसायची. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्या. लोकांनी नेहमीचं सांगितलं: वायर बदला. त्यांनी बदलली होती. वीजपुरवठा बघा. बघितला होता. डिस्कच बदला. दोनदा बदलली होती. शेवटी थोरल्यांनी लिहिलं की हे कार्ड आता कोणी वापरत नाही, त्याच्या ड्रायव्हरला कोणी वाली उरलेला नाही, पुढच्या आवृत्तीतून तो सगळा काढूनच टाकू. पाणीवाल्यांना नवीन कार्ड घ्यायचा सल्ला मिळाला.

वन्संना तसं यात पडायचं कारण नव्हतं. पण बिघडलेली डिस्क म्हटलं की त्यांचा हात थांबत नाही, वीस वर्षांची खोड. तीन दिवस पहाटे तो ड्रायव्हर त्या ओळीन् ओळ वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले तर लॅपटॉप चालू आणि बाई हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसलेल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "मीच केलंय ते."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला ते समजलं, म्हणजे तुम्हांलाही समजेल. ड्रायव्हर कार्डाला हुकूम द्यायचा, हे लिहून ठेव. लगेच पुढच्या ओळीत एक प्रश्न विचारायचा, तुझी स्थिती काय? आलेलं उत्तर एका जागी ठेवायचा. आणि पुढे त्या उत्तराकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. या तक्रारीच्या दोन वर्षं आधी वन्संना ही ओळ दिसली होती. उत्तर कोणाला नको, तर विचारायचं कशाला? त्यांनी जागा काढली, तिच्याबरोबर प्रश्नही काढला, आणि खाली लिहिलं, काहीही फरक पडणार नाही. पण ते कार्ड असं होतं की विचारल्याशिवाय आधीचा हुकूम पुरा करायचंच नाही. अशी माणसं असतात, आमच्या घरातही एक आहे. कामाचा भार कमी असला तर हळूहळू करून टाकायचं, भार वाढला की हुकूम तुंबायचे आणि डिस्क गायब.

ती ओळ का आहे हे पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने लिहिली त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. वन्संकडे ते कार्ड नव्हतं, म्हणून चालवून बघता आलं नव्हतं. तसं त्यांनी पत्रात प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. थोरल्यांनी ते वाचून बदल स्वीकारला होता.

वन्संनी ती ओळ परत घालून त्या पाणीवाल्या गृहस्थांना खासगीत पाठवली, चालवून बघा म्हणाल्या. त्यांनी तसंच कार्ड असलेल्या बाजूच्या एका यंत्रावर चार दिवस चालवली. डिस्क एकदाही गेली नाही. त्यांना कायमची वापरता येत नव्हती, कारण त्यांच्या वरच्या कचेरीचा नियम, जे सगळ्यांना अधिकृत मिळतं तेच वापरायचं. पण आनंद त्यांच्या पत्रांत मावत नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं, असं त्यांनी लिहिलं. वन्सं कोण, ओळ कोणी काढली होती, याची त्यांना कल्पना नव्हती.

महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. आमच्या ह्यांचं मत ठाम होतं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू चालवून बघितलं नाहीस हे तू लिहिलं होतंस, त्यांनी डोळे मिटून घेतलं, मग चूक एकट्या तुझी कशी? आणि ओळ परत घालायचीच आहे ना? घाल. पण वरती साफसफाई म्हणून लिही. इतक्या साफसफाया गेल्या, त्यात आणखी एक.

मी काय म्हणाले तेही सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, हे बरोबर बोलतायत. सहा दिवस तरी थांबा. एकदा यादीत नाव लागू दे, मग हवी तेवढी कबुली द्या.

वन्संनी आम्हांला अडचण सांगितली. या लोकांचा एक रिवाज आहे. दुरुस्ती पाठवली की खाली एक ओळ लिहायची, की ही चूक कुठल्या जुन्या बदलामुळे झाली. त्या बदलाचा क्रमांक आणि शीर्षक. क्रमांकावरून तो कोणी केला, कधी केला, सगळं निघतं. ही ओळ गाळता येते, कोणी फाशी देत नाही. पण मागच्या आवृत्त्या सांभाळणारे लोक वेगळे असतात आणि ते हीच ओळ शोधत असतात. ती दिसली की दुरुस्ती उचलून मागच्या सगळ्या आवृत्त्यांत लावतात. साफसफाई म्हणून पाठवलेली गोष्ट ते उचलत नाहीत. आणि असली जुनी कार्डं ज्यांच्याकडे असतात ते मागच्याच आवृत्त्या वापरत असतात. नव्या आवृत्तीतून ड्रायव्हर काढला तरी मागच्यांत तो राहणार, वन्संच्या चुकीसकट, वर्षानुवर्षं.

ह्यांनी म्हटलं, "ताई, पण कोण बघतंय?"

वन्सं म्हणाल्या, "कोणीच बघत नाही रे. म्हणून तर दीड वर्ष चाललं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, ते गृहस्थ रोज मला दुवा देतायत. मीच त्यांचं घर फोडलं, मीच कुलूप लावून दिलं, आणि ते हात जोडतायत. मला ते वाचवत नाही."

त्या दिवशी त्यांनी पत्राचे दोन मसुदे केले, एकात ती ओळ होती, दुसऱ्यात नव्हती. दोन्ही तसेच ठेवून कॉलेजला गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं शिवण त्या दोन दिवसांत वाकडं गेलं आणि एका गिऱ्हाईकाची बाही मला उसवून परत शिवावी लागली. मला त्यांचा राग येत होता. आयुष्यभर पडद्याआड राहिलेली बाई, आता कुठे कोणी नाव घेतंय, तर हिला हरिश्चंद्र व्हायचंय. असं माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पत्र पाठवलं. ओळीसकट. वरती आणखी चार वाक्यं लिहिली: की हा प्रश्न निरुपयोगी दिसतो पण नाही, तो का लागतो, तो पूर्वी मी काढला तो माझा चुकीचा समज होता, आणि ड्रायव्हर काढून टाकण्याआधी ही दुरुस्ती मागच्या आवृत्त्यांत जावी. कर्नलमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी कारणही लिहून ठेवलं, पुढच्या साफसफाईवालीसाठी. मग तोंड धुतलं आणि मला म्हणाल्या, झालं.

दिवसभरात उत्तरं आली. एका उत्साही माणसाने लिहिलं की काहीही फरक पडणार नाही म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या बदलांचं काय? खाली हसरा चेहरा. तो चेहरा मला अजून दिसतो, कधी दुकानात आला तर त्याची बाही मी कोपरापर्यंत आखूड करून देईन. थोरल्यांचं पत्र कोरडं होतं. दुरुस्ती घेतली. मागच्या आवृत्त्यांना कळवलं. ड्रायव्हर तूर्त राहू दे. यादीचा विषय पुढे ढकलू, दरम्यान तुमचे आधीचे बदल कोणीतरी पुन्हा पाहिलेले बरे. महिनाअखेर यादीत दुसऱ्याचं नाव लागलं. ते दारावरच्या पाटीसारखं मोठ्या अक्षरांत नसतं, एक बारीकशी ओळ असते. वन्संनी ती मला दाखवली. मग डबा भरला आणि कॉलेजला गेल्या.

मागचे बदल पुन्हा पाहायला अर्थातच कोणी पुढे आलं नाही. ते वन्संनीच घेतले. सव्वादोनशेच्या आसपास निघाले. रोज पहाटे चार-पाच. ज्याचं यंत्र मिळेल त्याच्यावर चालवून, ज्याचं नाही मिळणार त्याच्या मालकांना शोधून, विनवून. या काळात त्यांनी नवीन एकही बदल पाठवला नाही. मी एकदा चिडून म्हटलं, ज्यांनी नाव कापलं त्यांच्यासाठी कशाला मरताय? त्या म्हणाल्या, त्यांच्यासाठी नाही. मी दार आपटून खाली आले.

दोन महिन्यांनी पाणीवाल्या गृहस्थांचं पत्र आलं. दुरुस्ती मागच्या आवृत्तीतून त्यांच्यापर्यंत रीतसर पोचली होती, वरच्या कचेरीने परवानगी दिली होती, डिस्क पाच आठवडे जागची हलली नव्हती. हे सांगून झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं की तुम्हांला आणखी एक गोष्ट कळवायला हवी.

त्यांच्या केंद्रात एक सफाईवाल्या बाई होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या यंत्राच्या खोलीत फरशी पुसायच्या. डिस्क बहुतेक वेळा मंगळवारी नाहीतर शुक्रवारीच जायची. सगळ्यांनी दोन अधिक दोन चार केले. बाईंचा झाडूचा दांडा वायरला लागतो. त्या परोपरीने सांगत होत्या की मी त्या टेबलाच्या खाली जातच नाही. कोणी ऐकलं नाही. स्वतः या गृहस्थांनीच त्यांची लेखी तक्रार केली होती. बाईंना खोलीतून काढलं आणि दुसऱ्या इमारतीचे पाच मजल्यांचे जिने पुसायला लावलं. त्यानंतरही डिस्क जात राहिली तेव्हा, चोरून येत असेल, असं एकजण म्हणाला होता. आता कळलं की आठवड्याच्या नोंदी मंगळवारी आणि शुक्रवारी एकदम भरल्या जातात, म्हणून भार त्याच दिवशी वाढायचा.

पुढे लिहिलं होतं की मी काल त्या इमारतीत गेलो आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी विचारलं, मग कोणामुळे होत होतं? मी सांगितलं, लांबच्या एक बाई आहेत, त्यांच्या हातून एक ओळ पुसली गेली होती. त्यांनी विचारलं, त्यांना कोणी पकडलं? मी म्हटलं, नाही, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि जिन्यावर बसल्या. एवढंच म्हणाल्या की हे माझ्या घरच्यांना येऊन सांगाल का? मी संध्याकाळी जाऊन सांगून आलो.

वन्सं हे मला वाचून दाखवत होत्या. जिन्यापर्यंत आल्या आणि त्यांना पुढे वाचता येईना, उरलेलं मी वाचलं. नंतर आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, मी जास्त. खाली दुकानाच्या दारात गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी डोळे पुसून खाली गेले, पण माझं कशातच लक्ष नव्हतं. आमच्या ह्यांचं आणि माझं ऐकलं असतं, तर त्या बाई आजही तो आळ डोक्यावर घेऊन ते जिने पुसत असत्या, आणि आम्हांला ते कधी कळलंसुद्धा नसतं.